आलेखाच्या मागचं वाक्य

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईला नाही, आणि जिला मी सगळं सांगते असा सगळ्यांचा समज आहे त्या मैत्रिणीलाही नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुमच्याशी माझं काही नातं नाही. आणि आधीच बोलून ठेवते — मला धीर नको. 'होतं गं असं, एवढं काय मनाला लावून घेतेस' हे वाक्य तर अजिबात नको. ते मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की आता त्याचा कंटाळा आलाय.

मी वेबसाइट बनवते. बुरहानपूरच्या सिंधीपुऱ्यात एका साडीच्या दुकानाच्या वर माझी खोली आहे. डॉक्टरांच्या, शाळांच्या, मंगल कार्यालयांच्या साइट माझ्याकडे येतात. सासरी सुरुवातीला सगळ्यांना वाटायचं, ही फोनवर फोटो चिकटवते. मग हळूहळू वाटेनासं झालं. बुरहानपुरात बसून मी हे काम करते याचा मला अभिमान आहे, आणि तो मी कुणापासून लपवत नाही.

मग जे लपवलंय ते सरळ का सांगत नाही? कारण सरळ सांगितलं तर ते फार छोटं दिसतं. प्रोग्राममधली एक ओळ उलटी लागली होती, मी ती सुलटी केली. बस, एवढंच. आमच्या धंद्यात हे रोजचं आहे. चूक झाली, सुधारली, पुढे चला. त्याची मला लाज नाही, आणि ती चूक कबूल करायला मी इथे बसलेलीही नाही. चूक कळल्यावर मी काय केलं, ते सांगायचंय.

पण त्यासाठी आधी शोभाताई तुम्हाला माहीत व्हायला हव्यात.

शोभाताई माझ्या थोरल्या जाऊबाई. आमचं सासरचं गाव देडतलाईच्या अलीकडे, घर केळीवालं. दादा — म्हणजे माझे थोरले दीर — आणि शोभाताई तिकडे शेती बघतात, मी आणि माझा नवरा इकडे शहरात. मी लग्न होऊन आले तेव्हा शोभाताईंना व्यवस्थित दिसत होतं. नंतर डोळ्यांच्या पडद्याचा आजार निघाला. इंदूरच्या फेऱ्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, जाणार ते जाणारच, फक्त हळूहळू जाईल. तसंच गेलं. आधी बाजूचं दिसेना, मग संध्याकाळचं, मग समोरचंही.

नजर गेली तशी घरातली कामंही गेली. कुणी हिसकावून घेतली नाहीत — प्रेमानेच घेतली. 'तुम्ही बसा ताई, तेल उडेल.' 'राहू द्या ताई, मी करते.' मीसुद्धा म्हटलंय असं. स्वयंपाक गेला, मग पाहुण्यांना काय वाढायचं ते ठरवणं गेलं, मग लग्नकार्यातल्या आहेराच्या साड्या निवडणं गेलं. एक काम मात्र त्यांच्याकडेच राहिलं, कारण ते दुसऱ्या कुणाला जमत नव्हतं. ते म्हणजे केळीच्या कटाईचा दिवस ठरवणं.

आमच्याकडे बाग तयार झाली की व्यापाऱ्याचा माणूस संध्याकाळी दारात येतो. उद्या कापायची का? हो की नाही, तिथल्या तिथे सांगायचं असतं. हो म्हटलं की सकाळी कापणाऱ्यांची टोळी बागेत हजर. नाही म्हटलं की टोळी दुसऱ्याच्या बागेला लागते, आणि आपला नंबर परत कधी लागेल ते आपल्या हातात राहत नाही. आजचा इथला भाव गावात सगळ्यांनाच ठाऊक असतो, त्यावरून काही ठरत नाही. ठरतं ते पुढे काय होणार यावरून. आणि ते कळायला, आमची केळी जिथे जाते त्या दिल्लीकडच्या बाजारांत काय चाललंय ते बघावं लागतं. तिथला भाव आधी हलतो, आपला त्याच्या मागून.

शोभाताई लग्न होऊन आल्यापासून ते बघत होत्या. आधी ट्रकच्या ड्रायव्हरांना विचारून, मग फोनाफोनी करून. घरात म्हणायची पद्धतच होती — भाव शोभा बघते. व्यापाऱ्याचा माणूस दारात उभा असताना दादा आत तोंड करून विचारायचे, "काय गं, सांगू का हो?" आणि आतून जे उत्तर येईल ते दादांच्या तोंडून बाहेर पडायचं. नजर गेली तरी हे तसंच चालू होतं. त्या घरात त्यांचं म्हणून एवढंच उरलं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं. नंतर उमगलं वगैरे असं काही मी म्हणणार नाही.

तर, शेतकऱ्यांच्या एका कंपनीने माझ्याकडून भावाची साइट करून घेतली. त्यांचा माणूस बाहेरच्या बाजारांचे भाव रोज भरणार, आणि शेतकऱ्याला फोनवर आलेख दिसणार. एक रेघ. वर चाललीय की खाली, बघितलं की कळलं. मला तो आलेख फार आवडायचा. रेघेला मी केळीच्या कोवळ्या पानाचा हिरवा दिला होता. तिच्यावर कुठेही बोट टेकवलं की छोटी पाटी उघडायची, तिच्यात तारीख आणि भाव.

शोभाताईंनी तोवर फोन बोलता करून घेतला होता. स्क्रीन रीडर म्हणतात त्याला. पडद्यावर बोट फिरवायचं, बोटाखाली जे येईल ते तो मोठ्याने वाचतो. मजकूर आला तर मजकूर, बटण आलं तर बटण. पण आलेख त्याच्या लेखी नुसतं चित्र. बनवणाऱ्याने त्या चित्राच्या मागे काही लिहून ठेवलं असेल तर तो ते वाचतो, नसेल तर 'चित्र' एवढं म्हणून पुढे सरकतो. आणि मागे लिहिलेलं ते बघणाऱ्यांना कधीच दिसत नाही. म्हणजे एकाच पानावर दोन गोष्टी असतात — एक बघणाऱ्यांसाठी, एक ऐकणाऱ्यांसाठी. त्या दोन्ही एकच गोष्ट सांगतात की नाही, हे तपासायचं कुणी? बनवणाऱ्याने. म्हणजे मी.

एक दिवस शोभाताईंचा फोन आला. "मनीषा, तुझं ते भावाचं पान उघडलं मी. बाकी सगळं वाचून राहिला तो, पण आलेखाजवळ आला की चित्र म्हणतो अन् निघून जातो. त्याला सांग ना काहीतरी."

मी म्हटलं, ताई, तुमच्यासाठी मी चित्राच्या मागे एक वाक्य टाकते. 'गेल्या पंधरा दिवसांत भाव चढत गेले', नाहीतर 'उतरत गेले', नाहीतर 'साधारण तिथेच राहिले'. रोजच्या भावावरून आपोआप बदलेल. त्यांना आनंद झाला. मग त्यांनी विचारलं, "अन् आकडे? तारीखवार आकडे देशील का?"

तारीखवार आकडे म्हणजे आलेखाखाली एक साधा तक्ता. स्क्रीन रीडर त्यात एकेका घरातून फिरतो — ही तारीख, हा भाव, पुढची तारीख, पुढचा भाव. काम अर्ध्या दिवसाचं. आकडे माझ्याकडे होतेच, नाहीतर रेघ काढली कशावरून? पण मी तक्ता दिला नाही. एक तर त्याने पान भरगच्च दिसलं असतं आणि मला ते देखणं हवं होतं. आणि दुसरं — मी त्यांना म्हटलं, "एवढे आकडे ऐकत बसून काय करणार ताई? मी तुम्हाला सरळ उत्तरच देते ना."

बघणाऱ्याला मी रेघ दिली. बोट टेकवून प्रत्येक आकडा तपासायची सोय दिली. मग त्याचं त्याने ठरवावं. आणि ज्या बाईने आयुष्यभर हेच ठरवलं होतं, तिला मी ठरवून दिलेलं उत्तर दिलं. का? तिला दिसत नाही, एवढ्यासाठी. तेल उडेल म्हणणारी मीच होते ना — हे त्याच्याच पुढचं. फरक एवढाच की या वेळी तिने स्पष्ट मागितलं होतं.

वाक्य मात्र छान चाललं. कंपनीच्या लोकांसमोर मी फोन बोलता करून दाखवला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. साइट सर्वांना वापरता येते की नाही ते तपासणारं एक सॉफ्टवेअर असतं, त्यानेही हिरवी खूण दिली. त्या सॉफ्टवेअरला एवढंच कळतं की चित्रामागे काहीतरी लिहिलंय. लिहिलेलं खरं आहे का, ते त्याला कळत नाही. शोभाताई रोज सकाळी चहाबरोबर ते वाक्य ऐकायच्या. त्या हंगामात त्यांचे सगळे अंदाज बरोबर आले आणि दादा गावभर सांगत फिरले.

पुढच्या वर्षी कंपनीचा माणूस म्हणाला, मॅडम, नवा भाव यादीत खाली जातो, मला रोज खाली सरकत जावं लागतं, तो वर आणा ना. मी आणला. यादीचा क्रम उलटा केला, पाच मिनिटांचं काम. आलेख उघडून पाहिला. रेघ तारखेप्रमाणे काढलेली होती, तिला काही झालं नव्हतं. पण मागचं वाक्य यादीतली पहिली ओळ आणि शेवटची ओळ यांची तुलना करून तयार व्हायचं. आता पहिली ओळ म्हणजे आजचा भाव आणि शेवटची म्हणजे पंधरा दिवसांपूर्वीचा. त्या दिवसापासून भाव उतरला की वाक्य म्हणायचं चढला, आणि चढला की म्हणायचं उतरला.

मी आलेख डोळ्यांनी तपासला. फोन बोलता करून ऐकलं नाही. ही झाली चूक. ती मी तुमच्यापुढे ठेवली, आता तिला बाजूला सारा.

त्यानंतर आमची बाग तयार झाली. व्यापाऱ्याचा माणूस आला. दादांनी आत तोंड करून विचारलं. शोभाताई म्हणाल्या, नाही सांगा, भाव चढून राहिला, आठ दिवस थांबू. टोळी दुसरीकडे गेली. इकडे भाव घसरत चालला होता. माणूस दुसऱ्यांदा आला, शोभाताईंनी पुन्हा थांबवलं — वरचे, दिल्लीकडचे बाजार अजून चढतच आहेत, इथला भाव मागून येईल, म्हणाल्या. त्यांचा फोन रोज सकाळी त्यांना तेच सांगत होता ना. उन्हाचे दिवस. घड झाडावरच पिवळे पडायला लागले. आणि पिवळी पडलेली केळी लांबच्या ट्रकमध्ये कुणी भरत नाही, ती बाकीची केळीही पिकवते. मग टोळीसाठी दादांना हातापाया पडावं लागलं, आणि निम्मी बाग गावातल्या गावात मिळेल त्या भावाला गेली.

दादांनी माझ्या नवऱ्याला फोन केला तेव्हा मी खोलीवर होते, नवरा डबा घेऊन आला होता. तो फोनवर म्हणत होता, "वहिनी चढतोय म्हणाल्या? पण साइटवर तर रेघ कधीची खाली जाऊन राहिली." मी हातातला घास ठेवला. साइट उघडली. रेघ खाली. मग माझा फोन बोलता केला आणि बोट आलेखावर नेलं. तो म्हणाला, 'गेल्या पंधरा दिवसांत भाव चढत गेले.'

पुन्हा बोट नेलं. पुन्हा तेच.

आता ऐका, कारण इथून पुढचं सगळं मी शुद्धीत केलंय. नवरा जिन्यात उभा राहून बोलत होता. मी ती ओळ शोधली, क्रम सुलटा केला, साइटवर चढवला. फोन पुन्हा ऐकला. 'उतरत गेले.' नवरा आत आला तेव्हा मी डबा बंद करत होते. तो म्हणाला, "चल, गावाला जाऊन येऊ, दादा फार भडकलाय." मी म्हटलं, चला.

वाटेत सांगता आलं असतं की नाही? आलं असतं. गाडीत आम्ही दोघंच होतो. सबंध रस्ताभर मी मनात वाक्य जुळवत होते, आणि प्रत्येक वेळी त्याच्या शेवटी मला कंपनीच्या लोकांची तोंडं दिसत होती. ही गोष्ट बाहेर गेली तर? एवढ्या गावांतले लोक ती साइट बघतात. मला कोण काम देणार? भीती वाटली. तुम्हाला वाटलं असेल की काहीतरी मोठं कारण निघेल. नाही, एवढंच आहे.

पडवीत सगळे बसले होते. सासूबाई, दादा, शेजारचे दोघं-तिघं. शोभाताई भिंतीला टेकून, मांडीवर फोन. दादा म्हणत होते, "अगं, सगळ्या गावाला दिसून राहिलं खाली चाललंय म्हणून, अन् तू एकटी चढतोय म्हणते?"

"मी कशाला माझ्या मनाचं सांगू?" शोभाताई म्हणाल्या. "फोन बोलतो रोज. आज सकाळी पण तेच बोलला ना तो. थांबा, तुम्हीच ऐका."

त्यांनी फोन उचलला. बोट फिरवत फिरवत आलेखावर आणलं. आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून. मी तिथे खांबाला धरून उभी होते. मला माहीत होतं काय होणार ते. मी थांबवू शकत होते. एका शब्दात.

फोन म्हणाला, 'गेल्या पंधरा दिवसांत भाव उतरत गेले.'

शोभाताईंनी पुन्हा बोट फिरवलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा फिरवलं. शेजारच्याने दुसरीकडे पाहिलं. दादा रागाने बोलले असते तर बरं झालं असतं, पण त्यांचा राग एकदम उतरला आणि त्या जागी दया आली. ते हळू आवाजात म्हणाले, "जाऊ दे शोभा. होतं." सासूबाई म्हणाल्या, "तिला कशाला त्रास देता रे या सगळ्याचा. मी कधीची सांगून राहिली."

मग शोभाताईंनी मान वर केली. मी कुठे उभी आहे ते त्यांना माझ्या बांगड्यांवरून कळायचं. माझ्याकडे तोंड करून त्यांनी विचारलं, "मनीषा, तूच बनवलं ना गं हे? सकाळी एक बोलेल अन् आता दुसरं बोलेल, असं होऊ शकतं का?"

मी म्हटलं, "नाही ताई. चित्रात जे असतं तेच ते बोलतं."

हेच ते, जे मी कुणाला सांगितलेलं नाही. घाबरून तोंडातून निसटलं असं नाही. मी पुरेसा वेळ घेतला होता. आवाज नेहमीसारखा ठेवला होता. वर 'ताई' म्हटलं होतं.

त्या म्हणाल्या, "मग मीच भलतं ऐकत असेन इतके दिवस." आणि फोन बंद करून पदरात ठेवला.

डोळे गेल्यावर त्या बाईकडे काय होतं सांगा बरं? कान होते. ज्यांच्या आधाराने ती चालायची, माणसं ओळखायची, दूध उतू जाताना धावायची, ते कान खोटे आहेत असं मी तिला भर पडवीत पटवून दिलं. नुसतं घरच्यांना नाही, तिला स्वतःला पटवलं. त्यानंतर त्या प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायला लागल्या. 'कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या गं?' 'आत्ता दार वाजलं का?' वाजलेलं असायचं. त्यांनी बरोबरच ऐकलेलं असायचं.

आणि कटाईचा दिवस? तो कोण ठरवायला लागलं असेल?

मी.

व्यापाऱ्याचा माणूस दारात असताना दादा आता मला फोन करतात. "मनीषा, बघ गं जरा, सांगू का हो?" मी आलेख बघते आणि सांगते. बहुतेक वेळा बरोबर येतं. घरात आता म्हणतात, भाव धाकटी बघते. आणि हे मी दातओठ खाऊन करत आले असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नाही — मला ते आवडलं. आवडायचं. दादांचा फोन आला की मी चारचौघांत जरा मोठ्याने बोलायची. ज्या घराला मी फोटो चिकटवणारी वाटत होते, ते घर माझ्या शब्दावर थांबत होतं. तो शब्द कुणाचा होता ते मला रोज माहीत होतं, तरी आवडायचं.

एवढ्यावरही मी थांबले नाही. एका कॉलेजात मला बोलायला बोलावलं — वेबसाइट सर्वांसाठी कशा बनवाव्यात या विषयावर. मी तिथे माझा आलेख दाखवला. म्हटलं, माझ्या जाऊबाईंना दिसत नाही, पण त्या रोज सकाळी चहाबरोबर बाजारभाव ऐकतात. मुलांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. तोपर्यंत शोभाताईंनी ते पान उघडणं सोडून बरेच महिने झाले होते.

तिथे एका प्राध्यापकांनी मला विचारलं होतं, आलेख ऐकणारे अंध लोक असे असतात तरी किती? हा प्रश्न मला कायम विचारतात. किती असतात! जणू ठरावीक संख्या भरली की मगच खरं सांगायचं. आमच्या घरात एक होती. तिने आकडे मागितले होते. तक्ता दिला असता तर माझं वाक्य कितीही उलटं लागलं असतं, तिने दोन दिवसांत पकडलं असतं आणि मला फोन करून झापलं असतं — 'आकडे खाली चाललेत अन् तुझं वाक्य वर काय म्हणून राहिलं?' मी तिला तपासायचं साधनच दिलं नाही, आणि मग तिला सांगितलं की तुझंच चुकलं. कुठल्याही सभेत कुणी हा प्रश्न पुन्हा विचारला तर मी आता हेच उत्तर देणार आहे, त्यांना आवडो न आवडो.

तक्ता आता आहे. मागच्या महिन्यात मी तो केला. तारीख, बाजार, भाव, आणि आदल्या दिवसापेक्षा वर की खाली. आलेखाच्या खालीच ठेवला, कुठे लपवला नाही, बघणाऱ्यांनाही दिसतो. पान अजिबात कुरूप झालं नाही. कंपनीचा माणूस म्हणाला, मॅडम, हे तर आधीच पाहिजे होतं, शेतकरी तेच बघतात, आलेख कोण बघतं. मी डोळे मिटून सबंध तक्ता कानांनी ऐकला. सगळं बरोबर वाचतो. ज्यांनी मागितला होता त्या मात्र उघडत नाहीत. त्यांचा फोन आता फक्त घड्याळ सांगतो आणि कुणाचा फोन आला ते सांगतो, आणि तेही त्या पुन्हा कुणाला तरी विचारून घेतात.

काल दादांचा फोन आला. बाग तयार आहे, रविवारी व्यापाऱ्याचा माणूस येणार, भावावर लक्ष ठेव. मी म्हटलं, फोनवर नाही, रविवारी मी येते.

येते म्हणजे जाणार आहे. नवऱ्याला आधी सांगणार नाही. तो मध्ये पडेल, समजावेल, दादांना बाजूला घेऊन हळूच सांगू म्हणेल. हळूच काही नाही. शोभाताईंना एकटीला गाठून त्यांच्या पायाशी बसून रडायचं, हेही नाही — ते फार सोपं आहे, आणि त्यांना उलट माझेच डोळे पुसावे लागतील. पडवीत सगळ्यांसमोर झालं होतं, पडवीत सगळ्यांसमोरच होईल. सासूबाई असतील, दादा असतील, शेजारच्यांना मी स्वतः बोलावून आणीन. व्यापाऱ्याचा माणूस दारात असला तर त्यानेही ऐकावं.

माफी मागणार नाही. हे तुम्हाला उर्मटपणाचं वाटेल. वाटू दे. माफी मागितली की समोरच्या माणसाला काहीतरी द्यावं लागतं — दिली, नाही दिली, विचार करते. त्या बाईकडून मी पुरेसं घेतलंय. आता उत्तरही नको. मला उंबऱ्याबाहेर काढलं तर मी गाडीत बसून परत येईन. साइटचं काम हातून गेलं तर जाऊ दे, कंपनीलाही मी कळवणार आहे की त्या दिवसांत कानांनी ऐकणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या साइटने उलटं सांगितलं. शोभाताई एकट्याच होत्या असं मी धरून चालले होते. कुणास ठाऊक.

बोलायचं काय ते ठरलंय. फार नाही. सुरुवात नाही, कारणं नाहीत. एवढंच म्हणायचं — ताई, त्या दिवशी सकाळी फोन चढतोय असंच बोलला होता. तुम्ही अगदी नीट ऐकलं होतं. तुम्ही ऐकवायच्या आधी मी ते बदलून आले होते. आणि तुम्ही मला विचारलंत तेव्हा मला ते माहीत होतं.